सुरतेच्या पाण्यावरील काळेपांढरे

तीन राजांचा सण आटोपला आहे आणि लग्नसराईला अजून आठवडा आहे, असे जे चार दिवस धर्मगुरूच्या वाट्याला वर्षातून एकदाच येतात, त्या दिवसांत आम्ही यंदा सुरतेस जाऊन आलो. तेथे आमचे सेमिनरीतील एक सहाध्यायी असतात व ते सहा वर्षे बोलावीत होते, हे लोकांस सांगितलेले कारण. खरे कारण निराळे होते, आणि ते आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गुरुजींच्या खिडकीशी बसलेले होते.

गुरुजींचे वय ऐंशीच्या पुढे आहे. उमेदीची सारी वर्षे त्यांनी शाळेत शिकविले, आणि शाळा सुटली की वसईच्या मिठागरांच्या बांधांवरून हिंडून पक्ष्यांच्या नोंदी केल्या. डॉ. सलीम अली यांचे पक्ष्यांवरील जे पुस्तक १९४१ साली प्रथम निघाले, त्याच्या पुढील एका आवृत्तीची प्रत गुरुजींकडे आहे. तिची शिवण तीनदा घातलेली आहे. आता गुरुजींना काचबिंदू झाला आहे. गावातील माणसे त्याला मोतीबिंदू समजतात आणि "गुरुजी, ऑपरेशन का करून घेत नाही?" असे येता-जाता विचारतात. गुरुजी जन्माचे शिक्षक. ते न कंटाळता प्रत्येकास समजावून सांगतात की, मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते, ते काढून दुसरे बसविता येते. काचबिंदूत डोळ्यामागची नसच सुकत जाते, आणि तेथून जे गेले ते गेले. थेंब घालायचे ते उरलेले राखण्यासाठी.

त्यांचे उरले आहे ते नळीतून पाहावे एवढे. तेही फिक्यावर फिके असेल तर दिसत नाही. करड्या पाण्यातला करडा बगळा त्यांना आता नाहीच. नाताळात आम्ही भेटीस गेलो तेव्हा ते म्हणाले, "फादर, सुरतेकडे शेकाट्या आणि उचाट्या एकत्र उतरतात म्हणे. शेकाट्या मी हजारदा पाहिला. उचाट्या आयुष्यात एकदा, तोही लांबून. दोघेही काळेपांढरे. मला आता दिसतात ते असलेच. एक फोटो आणाल का? आणि फार मोठा करू नका. लोकांना वाटते अधू डोळ्याला मोठे चित्र द्यावे. मला एका नजरेत मावेल एवढे हवे."

ज्यांना हे पक्षी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. शेकाट्या म्हणजे मिठागरात गुडघाभर पाण्यात उभा राहणारा तो पांढऱ्या अंगाचा, काळ्या पंखांचा पक्षी, ज्याचे गुलाबी पाय इतके लांब की फ्लेमिंगो सोडला तर अंगाच्या मानाने एवढे पाय दुसऱ्या कोणाला क्वचितच असतील. उचाट्याही तसाच काळापांढरा, पण त्याची चोच टोकाशी वर वळलेली असते, आणि ती उथळ पाण्यात डावीउजवीकडे कोयत्यासारखी फिरवीत तो खाणे गोळा करतो.

कॅमेरा आम्ही आमच्याच गावातील लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका तरुणाकडून मागून घेतला. त्याने चारशे मिलिमीटरची लेन्स जोडून दिली आणि हसून म्हणाला, "फादर, काळेपांढरे पक्षी म्हणजे आपली नवरा-नवरीच की!" तेव्हा आम्हीही हसलो. परंतु त्याच्या बोलण्यात किती अर्थ होता तो आम्हांला सुरतेस कळला. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर असा एक फोटो असेल, ज्यात दुपारच्या उन्हात चर्चच्या पायऱ्यांवर नवरी उभी आहे, आणि तिच्या झग्याची एकही चूण, एकही जाळी दिसत नाही; कागद कापून चिकटवावा तसा तो पांढरा झगा दिसतो. किंवा झगा नीट आला आहे, पण शेजारच्या नवऱ्याचा काळा कोट म्हणजे नुसती शाईची दौत. दोघांवर पडणारे ऊन एकच. पांढरे वस्त्र त्यातले बहुतेक परत फेकते, काळे जवळजवळ सर्व गिळते. या दोन टोकांना एकाच क्षणी एकाच चौकटीत सांभाळणे, हीच सारी अडचण. आणि नवरा-नवरीला निदान सावलीत उभे करता येते.

संध्याकाळच्या गाडीने निघालो. वैतरणा, डहाणू, वापी, वलसाड, नवसारी करीत रात्री सुरत. आमच्या वाचकांना सुरत म्हटली की शिवाजी महाराजांची स्वारी आठवते, आणि तीही जानेवारीतलीच, १६६४ ची. त्या वेळी तेथे राहणाऱ्या कापुचिन धर्मगुरूंच्या घराला महाराजांनी धक्का लागू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवले आहे. आता शहराच्या गल्ल्यांतून दुसरीच धामधूम होती. संक्रांत जवळ आल्यामुळे रस्त्याच्या कडेला खांब रोवून पतंगाच्या दोऱ्याला गुलाबी मांजा चढविण्याचे काम चालले होते. तो दोरा पाखरांचे पंख कापतो, हे सांगणे नलगे. त्या मांजाखालून वाकून आम्ही मुक्कामाच्या घरी पोहोचलो.

आमच्या सहाध्यायांनी आम्हांला एका तरुणाच्या हवाली केले. तो मूळचा नंदुरबारकडचा. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी माणसे राहतात आणि कापडाच्या गिरण्यांत, मागांवर काम करतात. त्यांतलाच हा एक. रात्रपाळी करतो आणि सकाळी घरी जाण्याऐवजी कॅमेरा घेऊन पाण्यावर जातो. झोपतो केव्हा, असे आम्ही विचारले तर म्हणाला, "पावसाळ्यात." त्याच्या बोलण्यात अहिराणीचा सूर होता. त्याचे गाव तापीच्या काठी आहे, आणि सुरतही तापीच्याच काठी. मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगवणारी ही नदी सव्वासातशे किलोमीटर चालत येऊन सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. "मी नदीसारखाच वाहत आलो, फादर," असे तो म्हणाला. हे वाक्य त्याने यापूर्वीही पुष्कळांना ऐकविले असावे, परंतु आम्हांला ते आवडले.

पहिल्या सकाळी गवियरच्या तळ्यावर गेलो. डुमसच्या रस्त्याच्या बाजूस, विमानतळाजवळ हे तळे आहे आणि नेचर क्लब सुरत या संस्थेने त्याची राखण चालविली आहे. वरून विमाने घरघरत जातात, खाली जांभळ्या पाणकोंबड्या निवांत चरत असतात. पाण्याच्या मध्यभागी शेकडो चांदवे तरंगत होते. चांदवा म्हणजे सर्वांगाने काळाभोर आणि कपाळावर तेवढा पांढरा टिळा असलेला पाणपक्षी. त्या टिळ्यावरूनच आपल्याकडे त्याला वारकरी असेही म्हणतात. काठाजवळ पांढऱ्या अंगाचे, काळ्या उघड्या मानेचे शराटी चिखल उकरीत होते. एका वाळल्या काठीवर कवड्या धीवर बसला होता. हा तर काळ्यापांढऱ्याचा नमुनाच: छातीवर दोन काळे पट्टे असले तर नर, एकच आणि तोही मध्ये तुटलेला असला तर मादी. तो उठून पाण्यावर हवेतल्या हवेत फडफडत थांबला आणि मग दगडासारखा खाली पडला. त्याच्या मागे आम्ही भराभर बटण दाबीत सुटलो.

साडेआठ वाजेपर्यंत तीनशे फोटो झाले होते. ऊन लख्ख होते आणि आम्ही खूश होतो.

आता आमच्या चुकीचा इतिहास सांगितला पाहिजे. आम्ही सेमिनरीत असताना तेथील एका वयस्क धर्मगुरूंनी आम्हां चार मुलांना फोटो काढणे आणि काळोख्या खोलीत फिल्म धुणे शिकविले होते. त्यांचा एक पाठ आम्ही मंत्रासारखा घोकला होता: सावलीला उजेड द्या, पांढऱ्याला धुताना आवरा. अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या मांडून या गोष्टीचे मोठे शास्त्र केले. आमच्या गुरूंनी ते एका ओळीत केले होते. निगेटिव्ह फिल्मवर ते खरेही होते. फिल्मवर काळोखाचा भाग उमटलाच नाही तर तेथे काचेसारखे कोरे राहते, आणि कोऱ्यातून काही काढता येत नाही. पांढऱ्याचा भाग मात्र जास्त उजेड बराच सोसतो. तेव्हा आम्ही सवयीने चांदव्यांच्या काळ्या अंगासाठी उजेड वाढविला, धीवराच्या काळ्या पंखांसाठी वाढविला, सर्वत्र वाढविला.

झाडाखाली बसून त्या तरुणाने आमचे फोटो पडद्यावर पाहिले. जेथे पांढरे जळून गेले आहे तो भाग या नव्या कॅमेऱ्यांच्या पडद्यावर लुकलुकतो. आमचा प्रत्येक फोटो लुकलुकत होता. शराट्यांची अंगे लुकलुकत होती, चांदव्यांचे टिळे लुकलुकत होते, धीवराची तर सारी छाती. नाताळची रोषणाई अजून उतरविली नाही की काय असे वाटावे.

"फादर," तो म्हणाला, "यात उलटे असते. काळे मागून उचलता येते. पांढरे एकदा गेले की परत येत नाही."

आम्ही काही बोललो नाही. हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडून, दुसऱ्या गोष्टीबद्दल, आम्ही नुकतेच ऐकले होते.

मग त्याने समजावून सांगितले ते आम्ही आमच्या शब्दांत देतो. कॅमेऱ्याच्या पोटात उजेड मोजणारा एक कारकून बसलेला असतो. त्याला एकच नियम शिकविलेला आहे की जग सरासरीने करडे असते, आलेल्या उजेडातील शंभरांपैकी अठरा भाग परत फेकणारे. काळ्या पाण्यावर लहानसा पांढरा पक्षी असेल तर कारकून पाणी पाहतो, त्याला ते फार काळे वाटते, तो उजेड वाढवितो आणि पक्षी जाळतो. चकाकत्या पाण्यावर काळा पक्षी असेल तर तो उजेड कमी करतो आणि पक्ष्याचा कोळसा करतो. तेव्हा त्याचे ऐकू नये. पक्ष्याचे सर्वांत पांढरे पीस कोणते ते पाहावे, त्याची रेघ न् रेघ राहील इतपत उजेड घ्यावा, मग बाकीचे चित्र डोळ्याला काळवंडलेले दिसले तरी दिसू द्यावे. काळोखात माहिती दडलेली राहते; ती नंतर संगणकावर थोडी वर आणता येते, मात्र कॅमेऱ्याने रॉ फाईल ठेवलेली असली पाहिजे. अंगाने पांढरा आणि पंखांनी काळा अशा पक्ष्याला भर उन्हात तो कारकुनाच्या हिशेबापेक्षा दोन तृतीयांश ते एक स्टॉप उजेड कमी देतो, आणि काळ्या पाण्यापुढे त्याहूनही कमी.

"आणि तरीही," तो म्हणाला, "नऊनंतर कॅमेरा पिशवीत." एवढे सर्व सांगून पुन्हा हे! परंतु त्याचे खरे होते. ऊन वर चढले की पांढऱ्या पाठीवर आग आणि पोटाखाली काळोख, त्यात पाण्यावरून उलटा येणारा झगझगाट. अशा वेळी पांढरे वाचविले तरी ते खडूसारखे दिसते.

रिकामी दुपार आली. आमच्या सहाध्यायांना महिधरपुऱ्यात कोणा ओळखीच्या हिऱ्याच्या दलालाकडे काम होते, तेव्हा आम्हीही गेलो. जगातील बहुतेक हिरे या शहरात पैलू पाडून घेतात. २०२३ च्या डिसेंबरात शहराबाहेर खजोद येथे त्यांच्या व्यापारासाठी प्रचंड इमारत उघडली. पण महिधरपुऱ्याच्या रस्त्यावर दलाल अजून उभ्याउभ्या कागदाच्या पुड्या उघडतात आणि त्यांत लक्षावधी रुपयांचे खडे असतात. एकमेकांवरचा तो विश्वास पाहून आम्हांला आमच्या दानपेटीच्या कुलपाची थोडी लाज वाटली.

तो दलाल वृद्ध, पांढरी टोपी घातलेला. आम्ही विचारले, एवढे ऊन असताना तुम्ही भिंतीच्या सावलीकडे तोंड करून खडा का पाहता? त्याने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू आम्ही मिस्सा कशाला म्हणतात असे विचारले होते. उन्हात कोणताही खडा चमकतो, तो म्हणाला. चमक पाहायची असेल तर उन्हात पाहा, पांढरेपणा पाहायचा असेल तर सावलीत. जुने लोक उत्तरेच्या खिडकीशी बसून हिरा पारखीत. उत्तरेकडून ऊन थेट येत नाही, नुसते आकाश येते. पांढऱ्या कागदाच्या घडीत खडा पालथा ठेवायचा, उन्हाकडे पाठ करायची, आणि मग पाहायचे की हा खरेच पांढरा आहे की त्यात पिवळ्याची झाक आहे. तेथे खडा लबाडी करू शकत नाही.

त्याला पक्ष्यांशी काही कर्तव्य नव्हते. आम्ही मात्र पुढचा सारा वेळ त्या भिंतीच्या सावलीचाच विचार करीत होतो.

दुसरा दिवस वाईट गेला, आणि त्याचा दोष आमचाच. सकाळी डुमसच्या किनाऱ्यावर गेलो. तेथील वाळू काळी आहे; तिच्यावर धावणारा पांढरा धोबी पक्षी पाहून कारकून भलताच गोंधळतो, परंतु आता आम्ही त्याला ओळखून होतो. काही बरे फोटो मिळाले. शेकाट्या-उचाट्या मात्र तेथे नव्हते. ते भरती-ओहोटीच्या हिशेबाने राहतात, आणि खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भारतात सर्वांत मोठा. ओहोटीला चिखल मैलच्या मैल उघडा पडतो. तेव्हा पक्षी त्यावर दूरवर विखुरलेले असतात, नजरेच्याही पलीकडे. भरती चढली की चिखल बुडतो आणि ते थव्याने आत येतात, कोरड्या मिठागरात, नाहीतर कोळंबीच्या रिकाम्या तळ्यात, आणि पाणी उतरेपर्यंत एका पायावर उभे राहून विसावा घेतात. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते हे आमच्या खाजणकाठच्या वाचकांना शिकवायला नको. म्हणजे फोटोसाठी भरती आणि कोवळा उजेड यांची गाठ पडावी लागते, आणि ती काही रोज पडत नाही.

पौर्णिमा उलटून चार-पाच दिवस झाले होते. भरती सूर्यास्ताच्या सुमारास पुरी होणार होती. तो तरुण आम्हांला खाडीकडच्या एका कोरड्या पडत चाललेल्या तळ्यावर घेऊन गेला. त्या जागेचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. सव्वापाचला बांधाआडून डोके वर काढले आणि श्वासच थांबला. दीडदोनशे शेकाट्या, आणि त्यांच्यामध्ये, होय, चाळीसेक उचाट्या. सारे घोट्याएवढ्या पाण्यात, सारे वाऱ्याकडे तोंड करून, पाण्यात त्यांची उलटी चित्रे.

पण सूर्य नेमका त्यांच्यामागे होता. आमच्या डोळ्यांत नारिंगी झगझगाट, आणि पक्षी म्हणजे कापलेल्या काळ्या आकृत्या. पांढरे कोठेच नाही. असा फोटो काही लोकांना फार आवडतो. गुरुजींना त्यात काय दिसणार? शेकाट्या आणि कावळा यांत तेथे पायांपुरता फरक होता.

दक्षिणेकडून बांधावरून अर्धी फेरी घातली तर ऊन बाजूने मिळाले असते. तरुण म्हणाला, "नको, फादर. तिकडे आडोसा नाही." आम्ही म्हणालो, वाकून जाऊ. तो पुन्हा म्हणाला, "उद्या पाहू." आम्हांला उद्या संध्याकाळची गाडी होती, खिडकीशी बसलेले गुरुजी होते, आणि खरे सांगायचे तर चेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या पोराचा सल्ला दोनदा ऐकण्याची सवय राहिलेली नसते. आम्ही वाकून निघालो. पांढरा झगा नव्हता एवढेच. सदरा मात्र पांढराच होता.

वीस पावलेही झाली नसतील. एक शेकाट्या ओरडला, किक् किक् किक्, आणि सारे तळे एकदम उठले. दोनशे पक्षी डोक्यावरून गेले, खाडीवर गेले, तेथे सगळीकडे पाणीच, म्हणून परत आले. आम्ही खाली बसलो. ते आम्हांला पाहून पुन्हा वळले. अशा तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी ते आले नाहीत. उत्तरेकडे उंच, लहान लहान होत गेले. ओहोटीच्या वेळात खाल्लेल्या खाण्यावर त्यांनी रात्र काढायची असते, आणि आम्ही त्यांना ती उडण्यात खर्च करावयास लावले होते.

तरुण बांधाजवळ उभा होता. तो रागावला असता तर बरे झाले असते. त्याने एवढेच म्हटले की, पाणी उतरायला आता तीन-साडेतीन तास आहेत. घरी येईपर्यंत मोटारसायकलवर आम्ही दोघेही गप्प होतो. रात्री जेवताना सहाध्यायांनी फोटो दाखवा म्हटले. आम्ही बॅटरी संपली असे सांगितले. ती संपलेली नव्हती, हे येथे नमूद करतो.

झोप आली नाही. चारला उठून त्या तरुणाला फोन करावा की नाही या विचारात असतानाच त्याचा फोन आला. "सकाळची भरती साडेसहाला आहे, फादर. येताय ना? काल आपण ते बसल्यावर गेलो. आज ते यायच्या आधी जाऊन बसू."

अंधारात पोहोचलो. उतरता चंद्र पश्चिमेकडे होता. या वेळी आम्ही बांधाच्या पूर्वेच्या बाहेरच्या अंगाला, त्याने दाखविलेल्या खड्ड्यात, मातीच्या रंगाची चादर पांघरून पालथे पडलो. लेन्सचे तोंड तेवढे बाहेर. कारण उघड आहे: सूर्य आमच्या पाठीशी उगवणार होता. थंडीने आणि ओल्या मातीने कोपरे बधिर झाली. पावणेसहाला वरून पंखांचा आवाज आला. काही दिसले नाही, नुसते ऐकू आले. पाण्यात एक टपकन आवाज, मग पाच, मग सरीसारखे. चंद्राच्या उजेडात त्यांची पांढरी अंगे हळूहळू कळू लागली. काळे पंख मात्र अंधाराचेच झाले होते, त्यामुळे मधूनच तोडलेले पांढरे तुकडे पाण्यावर तरंगत आहेत असे वाटे. काल आम्ही उडविलेलेच ते होते की दुसरे, कोण सांगणार?

सव्वासातनंतर उजाडले खरे, परंतु सूर्य दिसेना. खाडीवर धुके आणि शहराकडून आलेला धूर यांचा पातळ पडदा चढला होता. आमचा जीव खाली बसला. एवढे करून ऊनच नाही! तरुणाने पडल्यापडल्या कानाशी येऊन सांगितले, "हेच पाहिजे."

आणि खरोखरच हळूहळू त्या पडद्याआडून सूर्याची एक फिकट थाळी वर आली. तिच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहता येत होते. पाण्यावर झगझगाट नाही, पक्ष्यांच्या पोटाखाली काळोख नाही. सारे आकाशच एक मोठी उत्तरेची खिडकी झाले होते. पांढऱ्या मानेवर पिसांच्या बारीक ओळी दिसू लागल्या, शेकाट्याचा लाल डोळा दिसू लागला, काळ्या पंखात काळ्याखेरीज आणखी काही आहे असे दिसू लागले. आम्ही पडदा पाहिला. काहीही लुकलुकत नव्हते. एक स्टॉप कमी करण्याचीही गरज नव्हती. तिसरा हिस्सा कमी केला आणि पुरे झाले.

साधारण वीस यार्डांवर दोन शेकाट्या उभ्या होत्या आणि त्यांच्या मधून एक उचाट्या चोच फिरवीत चालत आला. मध्येच थांबला, चोच वर केली, तिच्या टोकावरून पाण्याचा एक थेंब खाली आला. आम्ही बटण चार वेळा दाबले. तीनदा त्याचे डोके हललेले आले. एकदा नाही.

आठ वाजून गेल्यावर पाणी उतरू लागले आणि पक्षी आपणहून, पाचपाच-दहादहा करून, चिखलाकडे निघून गेले. शेवटचा गेल्यावर आम्ही उठलो. म्हणजे उठण्याचा प्रयत्न केला. तरुणाने हात धरून उठविले.

वसईस परतल्यावर लग्नवाल्या फोटोग्राफराने तो फोटो छापून दिला. आठ इंच बाय बारा, चकचकीत नव्हे, मऊ कागदावर. चकचकीत कागद उजेड परत फेकतो आणि गुरुजींना मग फक्त उजेड दिसतो. त्याने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "फादर, नवरी जळली नाही."

गुरुजींनी तो दोन्ही हातांत धरला, डोळ्यांपासून दूर नेला, थोडा जवळ आणला, मग स्थिर केला. डावीकडून पाहू लागले, इंचाइंचाने. पाय पाहिले. चोचीच्या वळणावर पोहोचले तेव्हा थांबले, आणि बोट न टेकविता हवेतच तिच्या वळणावरून फिरविले. थेंब त्यांना दिसला नाही, आम्ही सांगितला.

मग ते म्हणाले, "फादर, उजवीकडच्या शेकाट्याची पाठ मला पुरती कळत नाही. काळी कुळकुळीत आहे की तपकिरी?"

आम्ही वाकून पाहिले. चार दिवस तो फोटो आमच्या टेबलावर होता. डावीकडच्याची पाठ शाईसारखी काळी होती. उजवीकडच्याची काळी नव्हती. जुन्या सागवानासारखी, तपकिरीवर गेलेली होती. आम्ही तसे सांगितले.

"मग ती मादी," गुरुजी म्हणाले. "जोडी आहे." आणि त्यांच्या सुनेला हाक मारून म्हणाले की खिळा खिडकीसमोरच्या भिंतीवर नको, तेथे चार वाजता ऊन येते, कपाटाशेजारच्या भिंतीवर ठोका.